काशी नव्हे, कासी

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच गावाच्या वाटेवरची निघाली. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, मार्सेय शहराजवळचे कासी हे लहानसे बंदर आणि तिथले द्राक्षमळे भूमध्य समुद्राच्या क्रूझ सफरींच्या माहितीपत्रकांत हल्ली वारंवार दिसतात. म्हणून या वेळी इतर गावांचे प्रश्न बाजूला ठेवून या चारच पत्रांना जागा दिली आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे फोंड्याचे. मी शाळेतून निवृत्त झालो आहे आणि सौ. घर व कुळागर पाहते. मुलगा बोटीवर स्वयंपाकघरात नोकरीला आहे, त्यामुळे त्याच्या कंपनीच्या भूमध्य समुद्रातील सफरीत आम्हांला सवलतीत जागा मिळत आहे. सप्टेंबरच्या अखेरीस बोट मार्सेयला सकाळी आठ ते सायंकाळी सहा अशी थांबेल. तिथून ‘कासिस’ नावाच्या वाइनच्या गावाची सहल बोटीवाल्यांनी ठेवली आहे, पण दोघांचे मिळून तिचे पैसे आम्हांला फार वाटतात. आपले आपण जाऊन येता येईल का? मुलगा एकदा या नावाची काळसर तांबडी गोड दारू घेऊन आला होता, ती इथलीच का? मला चव घेण्याची इच्छा आहे, पण सौ. शाकाहारी असून मद्याला शिवत नाही आणि तिचे गुडघेही दुखतात. तिने तिथे काय करावे? बाटल्या किती आणता येतात? (निवृत्त शिक्षक, फोंडा)

उत्तर : गुरुजी, आधी नावाचा घोळ मिटवू या. आपल्या मुलाने आणलेली गोड दारू ‘क्रेम द कासिस’, म्हणजे काळ्या करवंदासारख्या दिसणाऱ्या एका फळाची. तिचे माहेर उत्तरेकडच्या बर्गंडी प्रांतातले दिजाँ शहर आहे आणि या गावाशी तिचा काही संबंध नाही. लिहिताना दोन्ही नावे सारखीच लिहितात, पण गावाच्या नावातला शेवटचा ‘स’ तिथले लोक उच्चारत नाहीत, ते ‘कासी’ म्हणतात. बोटीवर ‘कासिस कुठे?’ असे विचारलेत तर एखादा बारकडे बोट दाखवील. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तेव्हा कासीचा उच्चार आपल्याला जड जाऊ नये.

आता वेळेचा हिशेब, कारण सारे त्यावरच अवलंबून आहे. आठ ते सहा म्हणजे दहा तास असे कागदावर दिसते, पण खाली उतरायला पावणेनऊ होतात आणि सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी सर्वांनी परत चढलेले असावे लागते. मार्सेयचा क्रूझ धक्का शहराच्या उत्तर टोकाला आहे, तिथून साँ शार्ल या मुख्य रेल्वे स्थानकावर टॅक्सीने पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजतील. कासीची गाडी सुमारे अर्धा तास घेते, मात्र कासीचे स्थानक गावात नाही, ते बंदरापासून तीन-एक किलोमीटरवर आणि चढावर आहे. तिथून बस किंवा टॅक्सी करून आपण बंदरावर पोहोचाल तेव्हा अकरा वाजलेले असतील. परतीच्या प्रवासात हाती एक तास राखून ठेवायचा तर अडीचला बंदर सोडावे लागेल. म्हणजे दहा तासांपैकी कासीचे तास साडेतीन.

बोटीवाल्यांच्या सहलीत बस धक्क्यापासून निघते, आणि तिला रस्त्यात उशीर झाला तर बोट तिच्यासाठी थांबते. आपण स्वतंत्रपणे गेलात आणि गाडी रद्द झाली तर बोट थांबत नाही, पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप नवलाचे नाहीत. माझे मत विचाराल तर, सौ.चे गुडघे लक्षात घेता, सहलीतला ‘मार्सेय, कासी आणि द्राक्षमळा’ असा तिहेरी प्रकार टाळा आणि केवळ कासीचा, तिथे मोकळा वेळ देणारा प्रकार मिळत असेल तर पैसे भरून तो घ्या. मिळत नसेल तर रेल्वेने जा, पण आदल्या रात्री गाड्या चालू असल्याची खात्री करून घ्या. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी पोहोचत असाल तर गावात आठवड्याचा बाजारही भरलेला सापडेल.

तिहेरी प्रकाराला माझा विरोध का, हे फोंड्याच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नसावी. ऑक्टोबरपासून मुरगावला क्रूझ बोटी लागू लागल्या की त्यांच्या बसगाड्या आपल्याच रस्त्याने धावतात. जुन्या गोव्याला बॉम जीझसची बासिलिका, मग मंगेशीचे देऊळ, मग मसाल्याच्या बागेत केळीच्या पानावर जेवण, आणि दुपारी परत धक्क्यावर. बसमधून उतरणाऱ्या त्या घामाघूम, हातातल्या घड्याळाकडे पाहणाऱ्या पाहुण्यांना मी अनेकदा पाहिले आहे आणि देवळाच्या तळीवर दहा मिनिटे नुसते बसायला त्यांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटले आहे. कासीत आपण त्यांच्या जागी असणार आहात.

साडेतीन तासांत एक गोष्ट नीट होते, दुसरी जेमतेम. कासीत दोन मोठी आकर्षणे आहेत. पहिले म्हणजे ‘कालांक’, पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद चिंचोळ्या खाड्या. २०१२ साली त्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले. पोर-मिऊ, पोर-पँ आणि आँ-व्हो या जवळच्या तीन खाड्या दाखवणाऱ्या लहान बोटी बंदरातूनच सुटतात आणि पाऊण तासात परत आणतात. पायी जाण्याच्या वाटा दगडांच्या व घसरणीच्या आहेत आणि जून ते सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार त्या रोजच्या रोज बंद-चालू होतात, म्हणून आपल्या दोघांसाठी बोटच योग्य. दुसरे आकर्षण द्राक्षमळे. गावाच्या पूर्वेला काप कनाय नावाचा ३९४ मीटर उंचीचा गेरूच्या रंगाचा कडा थेट समुद्रात उतरतो. पश्चिमेकडचे कडे पांढरेशुभ्र, पूर्वेकडचा तांबूस, आणि दोहोंच्या मधल्या वाटीसारख्या खोलगट जागेत गाव आणि मळे. कड्याच्या पायथ्याचे क्लो सँत मादलेन या घराण्याचे मळे तर पाण्याच्या काठापर्यंत पोहोचतात, आणि ते बंदरापासून फार दूर नाहीत.

या गावाची बहुतांश वाइन पांढरी, थोडी गुलाबी आणि अगदी थोडी तांबडी असते. पांढरीत मार्सान आणि क्लेरेत या द्राक्षांचे प्रमाण मोठे. आपल्याकडे वाइन म्हटले की नाताळातली गोड पोर्ट वाइन डोळ्यांपुढे येते. ती चव मनात ठेवून कासीची पांढरी वाइन तोंडी लावलीत तर पहिला घोट निराश करील, कारण तिच्यात गोडी नसते. ती कोरडी, लिंबाच्या सालीसारख्या वासाची आणि किंचित खारट भासणारी असते, आणि माशांच्या जेवणाबरोबर घेण्यासाठीच ती आहे. बंदरावर बसून ‘बुयाबेस’ ही माशांची आमटी मागवलीत तर हुमणाशी तुलना करण्याचा मोह आपल्याला होईल. तो आवरा, कारण त्यात नारळ नाही, कोकम नाही, आणि भाव मात्र आपल्या आठवड्याच्या बाजाराएवढा असतो.

सौ.विषयी. वाइन चाखण्याच्या खोलीत न पिणाऱ्या माणसाला कोणी आग्रह करत नाही आणि कारणही विचारत नाही. आत शिरताना दोघांनीही ‘बोंजूर’ म्हणायचे एवढे मात्र विसरू नये, फ्रान्समध्ये ते न म्हणता बोलायला लागणे उद्धटपणाचे समजतात. आपल्यालाही प्रत्येक घोट गिळण्याची सक्ती नाही. तिथे चाखून थुंकण्यासाठी एक भांडे ठेवलेले असते आणि जाणकार लोक त्याचा सर्रास उपयोग करतात. भिंतीभिंतीवर ‘येथे थुंकू नये’ वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे धाडस वाटते खरे. लहान घराण्यांत चाखण्याचे पैसे नाममात्र असतात किंवा नसतातच, म्हणून निघताना एखादी बाटली घेण्याची रीत आहे. चांगली पांढरी बाटली साधारण १५ ते २५ युरोंच्या घरात येते. दुपारी बारा ते दोन हे जेवणाचे तास असतात आणि त्या वेळी बरीच तळघरे कुलूपबंद असतात. आपण अकराला पोहोचणार असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकतर आधी ईमेलने वेळ ठरवून साडेअकराला थेट मळ्यावर जा आणि मग जेवा, किंवा मळा सोडून बंदरावरच्या वाइनच्या दुकानात चाखा आणि उरलेल्या वेळात सौ.ना खाड्यांच्या बोटीत बसवा. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. आपण दोघे मिळून निघाला आहात आणि मळ्याचा चढ गुडघ्यांना मानवणारा नाही.

शाकाहाराचे म्हणाल तर या भागात ‘पानीस’ नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घट्ट शिजवून, थापून, वड्या पाडून तळायच्या. थोडक्यात, आपली पाटवडीच. ‘रातातुई’ ही वांगी, टोमॅटो व ढोबळी मिरचीची भाजीही निर्धास्त खाण्यासारखी आहे. मात्र पावावर लावायला देतात ती ऑलिव्हची काळी चटणी, ‘तापनाद’, दिसायला निरुपद्रवी असली तरी तिच्यात बहुधा खारवलेले बारीक मासे वाटलेले असतात, तेव्हा विचारल्यावाचून खाऊ नये. पाण्याची बाटली विकत न घेता ‘काराफ दो’ मागितले की नळाचे पाणी फुकट आणून देतात.

बाटल्यांचा नियम सोपा आहे. परदेशातून परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. सौ. पीत नसल्या तरी त्यांच्या वाट्याचे दोन लिटर त्यांचेच आहेत, म्हणजे दोघांच्या मिळून चार बाटल्या झाल्या. बंदरावर घेतलेल्या बाटल्या बोटीवर चढताना पुष्कळदा काढून घेतात आणि सफर संपताना परत देतात, त्याची पावती जपावी. विमानात त्या हाती न ठेवता कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात टाकाव्यात. मुंबईला उतरून पुढे गोव्याचे विमान धरणार असाल, तर शेवटच्या टप्प्यातही त्या मोठ्या सामानातच असल्या पाहिजेत.

प्रश्न : माझ्या यजमानांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, माझा भारतीय. बार्सिलोनाहून निघणारी आणि मार्सेय, जेनोवा, ट्युनिस करून परतणारी क्रूझ आम्ही ठरवत आहोत. किनाऱ्यावर काही तासच उतरणार असल्याने मला व्हिसाची गरज नाही, असे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात. (एक वाचिका, मडगाव)

उत्तर : त्या गृहस्थांचे ऐकू नका. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, लागतोच, मग उतरणे तासाभराचे असो वा आठवड्याचे. त्यातही आपली बोट ट्युनिसला जाते, म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर पडून परत आत येते. अशा वेळी एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचा मागावा लागतो. अर्जाबरोबर बोटीचे बंदरवार वेळापत्रक जोडा, म्हणजे ही गरज अधिकाऱ्याच्या आपोआप ध्यानात येईल.

आपल्या बाबतीत एक सवलत मात्र आहे आणि ती मडगावात फार थोड्यांना ठाऊक दिसते. पोर्तुगालचा नागरिक पोर्तुगालखेरीज युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल आणि त्याची पत्नी त्याच्यासोबत असेल, तर पत्नीच्या व्हिसाला शुल्क पडत नाही आणि अर्ज लवकर निकालात काढावा असा २००४ च्या युरोपीय निर्देशाचा नियम आहे. एरवी प्रौढांना ९० युरो भरावे लागतात. त्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला लागतो, आणि दोघांच्या नावांची स्पेलिंगे दाखल्यावर व पासपोर्टवर जुळली पाहिजेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी विवाहनोंदणी असल्याने दाखला मिळणे अवघड नाही, पण पोर्तुगीज कागदांत आडनाव एका तऱ्हेने आणि भारतीय कागदांत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले अनेक घरांत आढळते. ते आधी पाहून घ्या.

प्रश्न : गेल्या वर्षी आमची लहान बोट कासीसमोर नांगर टाकून आम्हांला होडीने किनाऱ्यावर नेणार होती. आकाश निरभ्र असताना वाऱ्याचे कारण सांगून कप्तानाने बंदर वगळले. आम्ही परस्पर ठरवलेल्या वाटाड्याने पैसे परत दिले नाहीत. ही फसवणूक नव्हे का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : आपला राग समजतो, पण कप्तानाने योग्य केले असे मला वाटते. आपल्याकडे सोसाट्याचा वारा येतो तो ढग घेऊन येतो, त्यामुळे निळ्या आकाशाखाली वादळी वारा असू शकतो हे आपल्या मनाला पटत नाही. त्या किनाऱ्यावर ‘मिस्त्राल’ नावाचा थंड, कोरडा वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून खाली येतो आणि नेमके आकाश स्वच्छ पुसून टाकतो. कधी तो दिवसचे दिवस टिकतो. द्राक्षांना त्याचा उपयोगच होतो, कारण तो ओल सुकवतो आणि घड कुजू देत नाही. परंतु नांगरलेल्या बोटीतून हेलकावणाऱ्या होडीत वयस्कर माणसांना उतरवणे अशा वाऱ्यात धोक्याचे असते. खाड्या दाखवणाऱ्या बोटीही त्या दिवशी बंद असतात.

बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि तिकिटाच्या अटींत तसे लिहिलेले असते. अशा वेळी बोटीवाल्यांकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. परस्पर ठरवलेल्या वाटाड्याचे पैसे त्याच्या अटींवर अवलंबून राहतात. जिथे बोट धक्क्याला न लागता नांगर टाकणार असेल तिथे आगाऊ पूर्ण पैसे कोणालाही देऊ नयेत.

प्रश्न : आमची बार्देशात काजूची पिढीजात भट्टी आहे. पुढील वर्षी क्रूझने जाताना कासीला एखाद्या वाइन करणाऱ्या घराला भेटावे, त्यांच्याकडून नावाच्या संरक्षणाबद्दल समजून घ्यावे आणि आमच्या फेणीची बाटली भेट द्यावी असे मनात आहे. हे जमेल का? (एक वाचक, बार्देश)

उत्तर : आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेले पत्र हे. आपण योग्य गाव निवडले आहे. ठरावीक भूभाग, ठरावीक द्राक्षे आणि ठरावीक पद्धत यांच्याशी वाइनचे नाव कायद्याने बांधण्याची फ्रान्सची व्यवस्था १९३५ साली उभी राहिली, आणि १९३६ च्या मे महिन्यात ज्या पहिल्या थोड्या नावांना हे संरक्षण मिळाले त्यांत शातोनफ-द्यु-पापसारख्या मोठ्या नावांबरोबर कासीही होते. मळ्यांचे सारे क्षेत्र जेमतेम २०० हेक्टरांचे आणि वाइन करणारी घराणी डझनभर. एवढ्या लहान गावाने इतक्या लवकर हे पाऊल उचलले, कारण त्याने आपले मळे एकदा गमावले होते. पूर्वी इथली मस्कत द्राक्षांची वाइन नावाजलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची, मुळांवर जगणारी कीड अमेरिकेतून आली आणि तिने फ्रान्सभरच्या वेली मारल्या. उपायही अमेरिकेतूनच आला. त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधली गेली. कासीने मळे नव्याने लावले तेव्हा मस्कतची जागा आजच्या द्राक्षांनी घेतली. आपला काजूही अटलांटिकच्या पलीकडून, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला. त्या बाजूने त्यांना कीड दिली आणि आपल्याला बोंडे, यात आपले नशीब थोर म्हणायचे.

आपल्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले, ते याच विचाराचे नातलग आहे. कासीच्या लोकांना विचारण्यासारखी गोष्ट कायदा कसा लिहिला ही नव्हे, ती आपल्याला इथेही वाचता येईल. दर वर्षी नियम पाळले जातात हे कोण तपासते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि शेजाऱ्याने नियम मोडला तर त्याच्या घरी जाऊन कोण बोलते, हे विचारा. आपल्याकडे घोडे तिथेच अडते. कोळंबीत (दगडी कुंडात) काजूची बोंडे तुडवून निरो (रस) काढणारा, पहिल्या धारेचा हुर्राक विकून दुसऱ्या वेळी भट्टी लावणारा माणूस आणि मिसळलेली स्वस्त दारू ‘फेणी’ म्हणून बाटलीत भरणारा माणूस बाजारात एकाच फळीवर बसतात.

भेटीसाठी शातो द फोंक्रूझ या घराचाही विचार करावा. ते बंदरापासून दूर, आतल्या बाजूला आहे, पण त्याच्या इतिहासात एक दुवा आपल्याकडचा आहे. १९२० च्या दशकात ते टीड नावाच्या इंग्रज कर्नलाकडे होते, आणि हा गृहस्थ हिंदुस्थानातल्या घोडदळातून निवृत्त झालेला होता. कोणत्याही घराला महिनाभर आधी ईमेल करा आणि आपण पर्यटक नसून स्वतः उत्पादक आहोत हे पहिल्याच ओळीत लिहा. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर तोडणीचा हंगाम असतो, तेव्हा भेट मागू नका. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या भट्ट्या पेटलेल्या असताना कोणी आपल्याकडे चर्चेला आला तर आपल्याला कसे वाटेल, तसेच त्यांनाही वाटते.

राहिली बाटलीची गोष्ट. युरोपीय संघात शिरताना २२ टक्क्यांहून कडक मद्य प्रत्येक प्रौढाला एक लिटर शुल्काविना नेता येते, आणि विमानाच्या मोठ्या सामानात ते दुकानातल्या मूळ बंद बाटलीतच असावे लागते, घरच्या गाराफांवात (काचेच्या मोठ्या बुधल्यात) भरलेले चालत नाही. खरी अडचण पुढे आहे. क्रूझवर चढताना कडक मद्याच्या बाटल्या काढून घेतात आणि सफरीच्या शेवटीच परत देतात, म्हणजे कासीला उतरताना आपली फेणी बोटीच्या कोठारात कुलपात असेल. त्यावर उपाय एकच. सफर मार्सेयहून सुरू होणारी निवडा, दोन दिवस आधी विमानाने तिथे पोहोचा, आणि बाटली कासीला देऊन मग बोटीत चढा.